पहिल्या बेटावरच्या रिकाम्या बाटल्या

माझ्या ताब्यात चाच्यांचं एक उडतं जहाज आहे, हे आमच्या सोसायटीत कुणालाही माहीत नाही. लपवून ठेवलंय अशातला भाग नाही. पण पिंपळे सौदागरच्या आमच्या इमारतीत माणसं भेटतात ती लिफ्टमध्ये, आणि तळापासून आठव्या मजल्यापर्यंतच्या वेळात "काय, आज लवकर?" आणि "हो, फर्स्ट शिफ्ट होती" एवढंच बसतं. जहाजाचा विषय काढायचा तर इमारत निदान चाळीस मजल्यांची हवी.

जहाज टीव्हीत आहे, हे आधीच सांगून टाकतो. मुलीचा जुना गेम. त्यात समुद्र नाहीच. खाली नुसते ढग, ढगांत तरंगणारी बेटं आणि भल्यामोठ्या फुग्यांना टांगलेली लाकडी जहाजं. आपण चाच्यांची टोळी. या बेटावरून त्या बेटावर जायचं, वाटेत सरदार-सावकारांची जहाजं लुटायची, राक्षसबिक्षस आडवे आले तर मारायचे आणि कुठल्याशा हरवलेल्या राज्याची किल्ली शोधायची. किल्ली अजून मिळालेली नाही. खरं म्हणजे मी ती शोधतच नाही.

जहाजाची कॅप्टन बाई आहे. गेम सुरू करताना डोळे, केस, उंची असं सगळं आपण निवडून माणूस तयार करायचा असतो. मुलगी आठवीत असताना तिनं ही बनवली. निळी वेणी, गुडघ्यापर्यंत बूट, आणि नाक मात्र माझं. "रागानं बघायला हेच नाक बरं पडतं," असं तिचं म्हणणं होतं. आमच्या घराण्यातलं नाक इतक्या उंचावर पोचलं ते हे पहिलंच.

मुलगी गेल्या वर्षी पुढं शिकायला जर्मनीला गेली. दिवाळीनंतर लातूरला सासूबाई ओसरीवरून पडल्या, खुबा मोडला, आणि बायको "महिन्याभरात येते" म्हणून तिकडं गेली. खुब्याला महिन्याचा हिशोब कळत नाही. त्यामुळं तीन खोल्यांत मी एकटा उरलो. एकट्या माणसाला घरात काय त्रास होतो म्हणाल, तर सांगण्यासारखा काहीच नाही. कोथिंबिरीची जुडी संपत नाही, एवढाच. आणि सकाळी टेबलावर ठेवलेला चष्मा संध्याकाळी तिथंच सापडतो. आधी तो कधीच सापडत नसे, त्यावरून घरात भांडणं होत. आता तो बरोबर जागेवर असतो आणि ते बघून बरं वाटत नाही.

जायच्या आधी मुलगी म्हणाली होती, "बाबा, मशीन तसंच पडून खराब होईल. तुम्ही खेळत जा."

"मला काय येतंय त्यातलं?"

"येईल. मेलंच कुणी तर कॅप्टन मरेल, तुम्ही नाही. आणि ऐका, माझा गेम आणि तुमचा गेम एकच. मी तिकडं लॅपटॉपवर जिथं सोडेन तिथून तुम्ही सुरू करायचं, तुम्ही सोडाल तिथून मी. फक्त दोघांनी एकाच वेळी नाही."

"म्हणजे शिफ्ट."

"हो," ती म्हणाली, "शिफ्टच."

आता इथं ती फसली. कारण चाकणच्या एका कंपनीत मी सव्वीस वर्षं मेंटेनन्स बघतो, आणि शिफ्ट हा शब्द आमच्यासमोर असा मोकळा टाकायचा नसतो. आमच्याकडं शिफ्ट बदलताना दहा मिनिटं जुनी आणि नवी माणसं एकत्र उभी राहतात. मधे रजिस्टर असतं. त्यात लिहायचं: चालू काय, बंद काय, बाकी काय. 'बाकी'च्या रकान्यात ज्याला 'काही नाही' लिहिता येतं, तो बसमध्ये सुखानं झोपतो. मी बहुतेक वेळा झोपतो. मोशीच्या सिग्नलला माझं डोकं खिडकीवर आपटतं, तेव्हा कळतं की घर जवळ आलं.

तर मी पहिल्याच दिवशी तिला मेसेज पाठवला: "जहाज बंदरात उभे. सांगाडा दुरुस्त केला. फुग्याचे टाके तपासले. इंधन भरले. अपघात: नाही. बाकी: काही नाही."

तिचं उत्तर आलं, "आणि लूट?"

"लूट: नाही."

"बाबा, आपण चाचे आहोत. सिटी बस नाही."

पण मला ती लढाई जमेना. कंट्रोलर नावाच्या त्या दोन मुठींच्या यंत्रावर सोळा बटणं आहेत, आणि घाईत माझा अंगठा हमखास 'पळ काढा'वर पडतो. शिवाय एक लाजेची गोष्ट सांगतो. प्रत्येक बेटावर एक गुत्ता आहे. चाचे तिथं बसतात, पेला घेतात, बातम्या काढतात. पुढचा रस्ता बऱ्याचदा तिथंच कळतो. मी कॅप्टनला त्या दारातून कधी आत नेलं नाही. चाचीण असली म्हणून काय झालं, मुलगी आमची आहे. त्यामुळं माझ्या शिफ्टला जहाजाला पुढचा रस्ता कधी कळला नाही, आणि मी बंदरात उभ्या उभ्या त्याची डागडुजी करत राहिलो.

पहिले काही महिने मजेचे गेले. मी फर्स्ट शिफ्ट करून साडेचारला घरी येई, चहा टाकी, आणि तासभर जहाजाचं बघे. संध्याकाळी तिची शिफ्ट. दुसऱ्या दिवशी उघडावं तर जहाजाची दशा झालेली. फुग्याला भोकं, डोलकाठी मोडलेली, स्वयंपाकघरातून धूर. तिचा रिपोर्ट येई: "तोफ नंबर दोन गेली. शिडाला आग लागली होती, विझवली. जाम मजा आली. बाकी: सगळंच." मी कपाळावर हात मारायचो आणि कामाला लागायचो. मोडून आणणारं माणूस घरात असलं म्हणजे दुरुस्त करणाऱ्याला बरकत असते.

कंपनीत आमच्या सेक्शनला राजगुरुनगरकडचे एक फिटर आहेत, माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठे. कॅन्टीनमध्ये चहा पिताना मी मोबाइलवर जहाजाचा फुगा कसा शिवायचा याचा व्हिडिओ बघत होतो, तेव्हा ते मागून वाकून बघायला लागले.

"आवं साहेब, ह्ये इमान म्हनावं का जहाज?"

"जहाज. उडतं."

"आन तुमी त्यात काय करता?"

"मेंटेनन्स."

त्यांनी बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली. "म्हंजी हितं बी त्येच आन घरी बी त्येच? मंग घरी जाता कशापायी?"

यावर मी हसलो. आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.

हळूहळू तिचे मेसेज आखडत गेले. आधी परीक्षा आली. मग एका बेकरीत तिनं काम धरलं. मग मैत्रिणी, कुठं डोंगरात जाणं. सगळं चांगलंच होतं, माझी तक्रार नव्हती. मीच तिला "खोलीत बसून राहू नकोस" म्हणत असे. "आज वेळ नाही झाला बाबा" असं ती लिही. नंतर नुसतं "ओके". नंतर अंगठा. मग अंगठाही बंद झाला. फोन रविवारी यायचा तो दोन रविवार हुकला. मी साडेचारला जहाज उघडायचो, तर काल सोडलेलं तसंच. फुगा टम्म, तोफा चकाचक, इंधनाचा काटा वर. ज्या मशीनवर कुणी काम करत नाही, तिची देखभाल फार सोपी असते. आणि ती करताना हात जड होतात, हे सव्वीस वर्षांत मला पहिल्यांदा कळलं.

जहाजावर एक आचारी आहे. बेडकाच्या तोंडाचा, डोक्यावर पांढरी टोपी. त्याच्यासमोर गेलं की तो इंग्रजीत म्हणतो, "कॅप्टन, आज वारा बरा आहे. निघायचं का?" काही दाबलं नाही तरी म्हणतो. त्याला एवढं एकच वाक्य दिलेलं आहे. मी रोज शेवटी त्याच्यासमोर जाऊन उभा राहायचो. दिवसभरात घरात आपणहून माझ्याशी बोलणारा तोच एक.

अशातच कंपनीत ऑडिट लागलं. ज्यांना आम्ही माल देतो त्यांची माणसं तपासणीला येणार, म्हणून आठवडाभर फाइव्ह एसची मोहीम. कारखान्याची शिस्त लावायच्या पाच पायऱ्या असतात, त्यांना फाइव्ह एस म्हणतात. पहिलीच पायरी: नको ते काढा. जी वस्तू वापरात नाही तिला लाल टॅग लावायचा, लाल रंगानं आखलेल्या चौकोनात नेऊन ठेवायची, आणि आठवड्यानं स्क्रॅपमध्ये. मी यात वाघ आहे. मागं एकदा मी आमच्याच साहेबांच्या खुर्चीला टॅग लावला होता, साहेब त्या वेळी जागेवर नव्हते म्हणून.

फिटरच्या पेटीत तळाशी एक लाकडी मूठ निघाली. हातोडीची. हातोडी नव्हतीच, नुसती मूठ, तेलानं काळी झालेली.

"वापरात आहे?"

"न्हाई."

"मग?"

"माज्या उस्तादाची हाय. ऱ्हाऊ द्या की साहेब, काय खाती का ती?"

"टॅगवर उस्तादाचा रकाना नाही हो," असं म्हणून मी टॅग बांधला. आसपासचे चारजण हसले. मला वाटलं, मी विनोद केला.

त्या दिवशी घरी आलो तरी हात शिवशिवत होते. घरात काढण्यासारखं काही उरलं नव्हतं, बायको गेल्यावर पहिल्याच रविवारी मी स्वयंपाकघर आवरून टाकलं होतं. जहाज उघडलं. जहाजाच्या पोटात सामानाची कोठी आहे. तिकडं मी कधी फिरकलो नव्हतो, कारण कोठीत काही बिघडत नाही. उघडून बघतो तर काय हो! एका पायाचा बूट. फुटक्या काचेची दुर्बीण. माशाचे काटे. बुडाशिवायच्या तीन किटल्या. आणि रिकाम्या बाटल्या, सतरा. प्रत्येक वस्तूवर बोट ठेवलं की गेम स्वतःच सांगतो: "निरुपयोगी." म्हणजे टॅग आधीच लावलेले! खाली आणखी बारीक अक्षरात काही लिहून येत होतं, पण ते वाचायला चष्मा लागतो आणि टॅग वाचला की पुढचं वाचायचं नसतं.

कोठीतून वस्तू उचलून कठड्यावरून खाली टाकता येतात. मी एकेक टाकली. बूट गोल गोल फिरत ढगात गेला. किटल्या गेल्या. बाटल्या गेल्या, एकामागून एक, सूर्याचा उजेड त्यांच्यावर चमकून जायचा. फार समाधान वाटलं. आधीचा एक फोटो, नंतरचा एक फोटो, जसे आम्ही बोर्डावर लावतो तसे, आणि खाली लिहिलं: "कोठी साफ केली. अनावश्यक वस्तू काढल्या. आता इथं फुटबॉल खेळता येईल. बाकी: काही नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कणीक मळत होतो. फोन वाजला. मुलगी! कितीतरी दिवसांनी. पिठाच्या हातानंच उचलला.

"बाबा, बाटल्या कुठंयत?"

ना कसे आहात, ना जेवलात का.

"कुठल्या बाटल्या?"

"कोठीतल्या. सतरा होत्या."

"अगं, त्या रिकाम्या होत्या. टाकल्या. फोटो पाठवला की."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मला वाटलं फोन कटला.

"हॅलो? अगं, निरुपयोगी असं लिहिलेलं होतं त्यावर."

"त्याच्या खाली काय लिहिलं होतं, वाचलंत?"

"बारीक होतं गं ते."

"त्याच्या खाली आपल्याला हवं ते लिहिता येतं. मी लिहिलं होतं. बाबांनी उचललेल्या. पहिलं बेट. बाबा, त्या तुम्ही गोळा केल्या होत्या. तुम्हाला आठवतच नाही ना?"

आठवलं. पण तिनं सांगितल्यावर आठवलं, आणि तसं आठवण्यात काही कर्तृत्व नाही.

ती आठवीत होती. ऑर्डरी कमी झाल्या म्हणून कंपनीनं ब्लॉक क्लोजर लावलं होतं, आठ दिवस सगळ्यांना घरी बसवलं. त्या आधी आणि नंतर दिवसाढवळ्या मी सलग आठ दिवस घरात होतो असं कधी झालं नाही. मला करमेना. मी नळ दुरुस्त केले, चांगले होते तेही केले. तेव्हा ही म्हणाली, "बाबा, बसा इथं," आणि तिनं ते दोन मुठींचं यंत्र माझ्या हातात दिलं. गेम तिनं नुकताच सुरू केला होता. पहिलं बेट, साधा वाळूचा किनारा. पलीकडून चाचे ओरडत येत होते. आणि मी काय केलं? किनाऱ्यावर रिकाम्या बाटल्या पडलेल्या दिसल्या, त्या उचलत सुटलो.

"बाबा, ते मारतायत तुम्हाला! तलवार काढा!"

"थांब गं, या दोन राहिल्यात."

"त्यांचा काही उपयोग नाही!"

"नसू दे. किनारा तरी साफ होईल."

ती हसून हसून गादीवरून खाली पडली होती. नंतर कंपनी सुरू झाली, डबल ओव्हरटाइम लागला, आणि माझा गेमशी संबंध संपला.

"नऊ वर्षं ठेवल्या होत्या मी," फोनवर ती म्हणत होती. "तीन जहाजं बदलली. दर वेळी एकेक करून या जहाजातून त्या जहाजात नेल्या. जागा नसली तर सोनं टाकलं, बाबा, पण त्या नाही टाकल्या."

"आणता येतील का परत?"

"नाही. ढगात गेलं ते गेलं." मग तिचा आवाज एकदम नीट झाला, ऑफिसमधल्या माणसाशी बोलावं तसा. "जाऊ दे. गेमच आहे शेवटी. तुम्ही जेवण करा."

ती रडली असती, ओरडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. 'जाऊ दे' म्हटल्यावर काय दुरुस्त करायचं? हातावरचं पीठ वाळून गेलं होतं.

मग बायकोचा फोन आला. ती रोज आठच्या सुमाराला करते, सासूबाईंना जेवू घालून. "काय करायलाव?" मी सगळं सांगितलं. आधी ती पोटभर हसली. मग म्हणाली, "माझे मसाल्याचे डबे बी असेच फेकलाव ना? खरं सांगा."

"ते बुरसटले होते. पण या बाटल्यांचं मला कुणी सांगितलंच नव्हतं."

"मला माहीत होतं. ती दाखवायची की मला. ह्या बघ म्हणे बाबांच्या."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही घरात होताव कधी?"

टोमणा नव्हता तो. तिनं नुसतं विचारलं. पाठीमागून सासूबाईंची हाक आली आणि तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी कंपनीत जाऊन मी आधी लाल चौकोन गाठला. ती काळी मूठ तिथं नव्हती. स्क्रॅपची गाडी तर अजून आलेली नव्हती. मी फिटरना गाठलं, "तुमची मूठ..." म्हणून लाल चौकोनाकडं बोट केलं.

"ती व्हय? ती त्याच दिशी डब्याच्या पिशवीतनं घरी न्हेली. तुमच्या टॅगासकट हाय," ते म्हणाले. "तुमाला द्याची हाय का परत लाल चौकोनाला?"

"नको, नको. राहू द्या."

"ऱ्हाऊच देनार," ते म्हणाले.

मी एवढा हुशार, की सव्वीस वर्षांत माझ्या टॅगांचं लोक काय करतात हे मला माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी आंघोळ करून, देवाला दिवा लावून, मी जहाज सुरू केलं. बाटल्या जिथं मिळाल्या होत्या तिथंच परत मिळतील, एवढा साधा विचार. आयुष्यात पहिल्यांदा मी ते बंदर सोडून लांब काढलं. बेडकाच्या तोंडाचा आचारी म्हणाला, "वारा बरा आहे. निघायचं का?" मी म्हटलं, "निघू या," अगदी मोठ्यानं; खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल. नकाशात पहिलं बेट अगदी कोपऱ्यात होतं. वाटेत दोनदा चाचे आडवे आले. माझा अंगठा आपोआप 'पळ काढा'वर पडला आणि या खेपेला तेच हवं होतं.

त्या बेटाचा धक्का इतका लहान की मोठं जहाज लागेना. मग जहाज वरच थांबवून होडीनं उतरलो. दुपार होत आली होती. किनाऱ्यावर पाय ठेवला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो. परत आलो. खडकांच्या मागं बघितलं.

एकही बाटली नव्हती. किनारा साफ होता.

म्हणजे मीच केला होता ना साफ! त्या बेटावर जे उचललं ते उचललं, जे ठेवलं ते ठेवलं. पुन्हा काही उगवत नाही. नऊ वर्षांपूर्वी माणसं अंगावर धावून येत असताना मी वाकून वाकून जो किनारा आवरला होता, तो अजून तसाच होता. कंपनीत मी आवरलेलं काहीही नऊ दिवस टिकलेलं नाही. इथं टिकलं होतं. ऑडिटला दाखवावा असा किनारा, आणि माझं नाक घेऊन ती निळ्या वेणीची बाई त्याच्या मधोमध एकटी उभी. लाटा नाहीत, समुद्रच नाही. काठाला नुसते ढग येऊन लागत होते. मीही सोफ्यावर तसाच बसून राहिलो. कुकर लावायचा होता तो राहून गेला.

मग मेसेज लिहिला. नेहमीसारखा लिहायला घेतला, पण शेवटच्या रकान्यापाशी हात अडला. शेवटी असा गेला: "जहाज पहिल्या बेटाच्या वर उभे. किनारा तपासला. साफ आहे. मीच केला होता. चूक झाली. बाकी: सतरा."

सोमवारी उत्तर नाही. मंगळवारी नाही. जहाज मी हलवलं नाही. घरी येऊन उघडायचो, कॅप्टन किनाऱ्यावर उभी असायची, बंद करायचो. होडीवरून जहाजावर जाऊन आचाऱ्याशी बोलावं असंही वाटेना. त्याचं वाक्य माझ्या तोंडपाठ होतं.

गुरुवारी उघडलं तर कॅप्टन किनाऱ्यावरच होती, पण पाण्याकडं, म्हणजे ढगांकडं, तोंड करून. मी तिला तशी ठेवली नव्हती. तिच्या पायापाशी वाळूत एक बाटली पडलेली होती. रिकामी. आडवी. मी कॅप्टनला जवळ नेलं, चष्मा लावला, आणि टीव्हीच्या इतका जवळ गेलो की काचेवर श्वासाची वाफ धरली. "निरुपयोगी." त्याखाली बारीक अक्षरात: "बाबांसाठी."

फोन बघितला तर तिचा मेसेज दुपारीच येऊन पडला होता. कामावर फोन लॉकरमध्ये असतो आणि बसमध्ये मी झोपतो, त्यामुळं दिसला नव्हता. "किनाऱ्यावर अनावश्यक वस्तू: एक. पुढच्या शिफ्टनं उचलणे."

मी विचारलं, "ही कुठून आणलीस?"

ती लगेच ऑनलाइन आली. "गुत्त्यातून. तिथं पेला घेतला की रिकामी बाटली आपल्याकडंच राहते. तुम्हाला माहीत नाही?"

"तू गुत्त्यात गेली होतीस?"

"मी नाही. कॅप्टन."

"नाक माझं आहे तिला."

"म्हणून एकच घेतली," तिनं लिहिलं. मग, "क्लास आहे. जाते."

एवढंच. पुढं चार दिवस पुन्हा काही नाही. तिला वेळ नसतो, आणि नसावाच.

बाटली मी उचललेली नाही. हात शिवशिवतात, खोटं कशाला बोलू. साफ किनाऱ्यावर ती एकच वस्तू आडवी पडलीय, आणि बटण दाबलं की क्षणात काम होईल. पण काम झालं की रकाना बंद होतो. मग रिपोर्टमध्ये काय लिहायचं?

मधेच कधीतरी, चारसहा दिवसांनी, तिचा मेसेज येतो. बेकरीतून निघताना, बसमध्ये असताना.

"बाबा, उचलली का?"

"नाही अजून. उद्याच्या शिफ्टला."

"किती ढिलाई! तुमच्या कंपनीत चालतं हे?"

"तिथं नाही चालत."

मग ती हसण्याचं एक चित्र पाठवते आणि जाते. मी कॅप्टनला किनाऱ्यावरून थोडं फिरवून आणतो, बाटलीला वळसा घालून, आणि टीव्ही बंद करतो. चष्मा टेबलावर ठेवतो. सकाळी तो तिथंच असतो. बाकी: एक.